बिनमिठाची पोळी

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आक्का पदर डोक्यावर घेऊन माफी मागायला निघायच्या.

कुणाची, तर सगळ्यांची. आमचं घर सोडून गल्लीत सतरा घरं होती. आक्का पहिल्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "माझं काय चुकलंय का?" समोरचा "न्हाई ओ आक्का" म्हणाला की पुढचं दार. बांगडीवाल्या चाचींना हाच प्रश्न दखनीत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला तेलुगूशिवाय काही नीट कळायचं नाही, त्याच्यापुढे त्या नुसतेच हात जोडून उभ्या राहायच्या. तोही बिचारा इस्त्री बाजूला ठेवून हात जोडायचा. एकदा एका बाईनं चेष्टेनं म्हटलं, "व्हय आक्का, परवा तुमी माझ्याकडं वाकडं बघितलाव." झालं. आक्का तिच्या उंबऱ्यावर बसल्या, परवा सकाळ की दुपार, पाण्याच्या वेळी की दळणाच्या, असं सगळं विचारून घेतलं आणि माफी पदरात पडल्यावरच उठल्या. तोवर त्या बाईची भाजी करपली. पुन्हा कुणी चेष्टेच्या वाटेला गेलं नाही.

सतरा घरांतल्या सोळा दारांत आक्का उभ्या राहायच्या. सतरावं घर आमच्या अगदी समोरचं, निळ्या दाराचं. तिथं आल्या की त्यांची चाल मंदावायची, पदर सारखा व्हायचा, आणि मग त्या घरी परत यायच्या. ते दार त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं होतं.

औरादच्या मराठी शाळेत माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी आक्कांकडे भाड्यानं खोली घेतली. आमचं घर कलबुर्गीचं, गळ्यात लिंग बांधणारं. आईनं फोनवर पहिला प्रश्न केला, "मटण शिजवणाऱ्या घरात कशी राहणार गं?" मी आईला काहीबाही सांगून गप्प केलं असतं, पण आक्कांनीच सामान उतरवायच्या आधी सांगून टाकलं, "आयतवारी कोंबडी शिजती आमच्यात. वास येतोय. आत्ताच सांगते, मागून खोटं कामून बोलू?" आक्का तीस वर्षं एका मिशन दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पेशंटांसाठी पथ्याचं जेवण करत होत्या. निवृत्त झाल्यावरही त्यांनी स्वतःला पथ्यावरच ठेवलं होतं. फरक एवढाच की आता पथ्य मिठातेलाचं नव्हतं, पापाचं होतं.

माणसाला पाप न करता जगता येतं असं आक्कांचं ठाम मत होतं. "जन्मभर न्हाई म्हणत मी," त्या म्हणायच्या. "एक महिना. तीस दिवस. त्यात काय अवघड हाय?" आणि त्या तीस दिवसांच्या मागे त्या हात धुऊन लागलेल्या असायच्या. हलकं बोलणं पाप, म्हणून त्या शेळीलाही अहो-जाहो करायच्या. "उठा आता. खावा. लेकरासाठी थोडं ठिवा." कोंबड्यांना "या बसा" म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी सुरुवातीला तोंडात ओढणी कोंबून हसायचे. नंतर हसू यायचं थांबलं. आपण सकाळपासून कुणाकुणाला काय काय बोललो हे तिथं उभ्या उभ्या आठवायला लागायचं आणि मी गुपचूप शाळेची वाट धरायचे.

ह्या सगळ्या खटाटोपाचं मूळ महिन्याच्या पहिल्या रविवारात होतं. त्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असे. लोक पुढे जाऊन गुडघे टेकतात, पास्टर प्रत्येकाच्या हातावर पोळीचा तुकडा ठेवतात आणि छोट्या पेल्यातून द्राक्षांचा रस देतात, येशूच्या आठवणीसाठी. ती पोळी आक्का करायच्या. आदल्या दिवशी, शनिवारची फेरी झाली की अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून कणीक मळायच्या. त्यात खमीर नाही, मीठ नाही. काळ्या मनुका उकळून, फडक्यातून गाळून रस करायच्या. रविवारी ताट पांढऱ्या कापडानं झाकून चर्चमध्ये पुढे नेऊन ठेवायच्या आणि शेवटच्या बाकावर येऊन बसायच्या. सगळे खायचे. आक्का खायच्या नाहीत. पंचवीस-सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातच्या त्या पोळीचा कणही तोंडात घातला नव्हता.

"लायक हून खावं ते," त्या सांगायच्या. "ह्या महिन्यात जमलं न्हाई, टीचर."

"का? काय झालं?"

"बुधवारी शेळीला 'मर मेले' म्हणाले."

पुढच्या महिन्यात शेजारणीची नवी साडी बघून पोटात दुखलेलं असायचं. त्याच्या पुढच्या महिन्यात प्रार्थनेच्या वेळी ज्वारीच्या भावाचा विचार आलेला असायचा. एकदा तर एकोणतीस दिवस निभावले होते आणि तिसाव्या दिवशी त्यांना त्या एकोणतीस दिवसांचा गर्व झाला. गर्व म्हणजे मोठंच पाप. मला इतकं वाईट वाटलं की मी म्हटलं, "आक्का, गर्व नव्हता हो तो, आनंद होता." त्या म्हणाल्या, "गर्वच व्हता. मला ठावं हाय."

पास्टर तरुण होते, कलबुर्गीकडचे, मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरणारे. आक्कांच्या ओट्यावर बसून चहा पीत त्यांनी किती वेळा आक्कांना समजावलं असेल त्याला गणती नाही. देव माणसाला तारतो तो त्याच्या कृपेनं, माणसाच्या चांगलेपणानं नव्हे, हे त्यांचं सांगणं.

"आक्का, आजारी माणूस बरा होऊन मग दवाखान्यात जातो काय?"

"पथ्य न पाळता नुसतं औषध पिणारे बी लई बघितलेत मी, पास्टर. मरत्यात."

"अय्यो, पण पाप न करणारा माणूस असतोच कुठं? सगळे चुकतात. म्हणून तर येशू आला."

"आला, आन् जाताना काय सांगून गेला? आज्ञा पाळा म्हणाला. जमंल तेवढ्या पाळा, असं म्हणाला का?"

पास्टर कप खाली ठेवायचे. मी खोलीच्या दारात वह्या तपासत ऐकायचे आणि मनातल्या मनात कधी ह्यांना मार्क द्यायचे, कधी त्यांना. खरं सांगते, आमच्या घरी देवाधर्माचं पुष्कळ होतं, पण देवानं आपल्याला नेमकं काय सांगितलंय आणि आपण नेमकं काय करतोय, याचा असा रोजचा झाडा घेणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्या ओट्यावर मला शिक्षिका असल्यासारखं कधी वाटलं नाही.

वादात तिसरा आवाजही असायचा, समोरच्या निळ्या दारातून. गल्ली त्या बहिणीला मावशी म्हणायची. मावशींनी आक्कांचं चर्च फार वर्षांपूर्वी सोडलं होतं. त्या बसस्टँडच्या मागे एका दुकानाच्या माडीवर भरणाऱ्या नव्या मंडळीत जायच्या. त्या मंडळीची प्रवचनं मावशी मोबाइल खिडकीत टेकवून, आवाज पूर्ण वाढवून ऐकायच्या. कृपा, कृपा, नुसती कृपा. तुम्ही काही केलं नाही, तुम्हाला काही करायचं नाही, फुकट मिळालंय ते घ्या. इकडे आक्का कांदा चिरता चिरता उत्तरं द्यायच्या, पण भिंतीकडे बघून. "फुकटचं मिळालं म्हणून सांडायचं असतंय व्हय?" प्रवचन पुढे जायचं. कांदा बारीक व्हायचा. दोघी बहिणी एकमेकींशी पंचवीस वर्षं बोलत नव्हत्या, आणि रोज भांडत मात्र होत्या.

आक्कांच्या खरं बोलण्याचा प्रसाद मलाही मिळाला. मे महिना होता, मावसबहिणीचं लग्न होतं, माझी पिशवी भरून तयार होती. तेवढ्यात घरोघरच्या सर्व्हेच्या ड्यूटीचा हुकूम घेऊन तालुक्याच्या ऑफिसातला शिपाई गल्लीत शिरला. मी आक्कांना कानात सांगितलं, "टीचर गावाला गेल्या म्हणून सांगा," आणि ज्वारीच्या कोठीमागे जाऊन बसले.

"टीचर हायत का?" शिपायानं विचारलं.

"हायत की," आक्का म्हणाल्या. "न्हाई म्हणून सांगा म्हणाल्यात. कोठीमागं बसल्यात."

मी कोठीमागून बाहेर आले, सही केली आणि लग्नाच्या दिवशी डोक्यावर ओढणी घेऊन उन्हातान्हात दारोदार माणसं विचारत फिरले. आक्कांशी मी चार दिवस बोलले नाही. शनिवारी त्या माझ्याही खोलीच्या दारात आल्या. "टीचर, माझं काय चुकलंय का?"

माझा राग अजून खदखदत होता. मी म्हटलं, "छे, तुमचं कसं चुकेल? तुम्ही खरं बोललात. खरं बोलणं कधी चूक असतं का?"

मला टोमणा मारायचा होता, एवढंच. पण आक्कांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी चौकट धरली आणि तिथंच खाली बसल्या. मी पाणी आणलं. त्या प्याल्या नाहीत. त्या शनिवारी पुढची घरं त्यांनी केलीच नाहीत. लाजेनं मीच त्यांची माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "तुमचं काय न्हाई टीचर. तुमी बरोबर इचारलाव." काय बरोबर विचारलं ते मला कळलं नाही.

कळायला पुढचा श्रावण उजाडावा लागला. पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी आक्का मोरीपाशी शेवाळावर घसरल्या आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणलं. शनिवारी दुपारी त्या बाजेवर पडून तव्याकडे बघत होत्या. मी पास्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आक्कांना आराम करू द्या. बाजारातली डबलरोटी आणतो, तीही चालते." फोन स्पीकरवर होता. आक्कांनी डोळे मिटून घेतले. "डबलरोटी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आक्कांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी म्हटलं, "मी करते पोळी. तुम्ही सांगा तशी. नाहीतरी तुम्ही खात नाहीच, मग एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "टीचर, तुमी त्या दिवशी इचारलाव, खरं बोलणं चूक असतंय का. पंचवीस वर्षं झाली, मला बी तेच कळना झालंय."

पूर्वी त्यांच्या चर्चमध्ये एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी पंच बसायचे आणि कुणाच्या घरात काही वावगं घडलंय का याची विचारपूस करायचे. ज्याचं नाव निघेल त्याची पोळी तीन महिने बंद. मावशींची चार वर्षांची मुलगी तेव्हा तापानं फणफणली होती, उतार पडत नव्हता. सासूच्या सांगण्यावरून मावशींनी लेकराला मरीआईला नेलं आणि गळ्यात दोरा बांधून आणला. आक्कांनी तो पोरीला अंघोळ घालताना झग्याच्या आत पाहिला होता. पंचांनी आक्कांना विचारलं, बहिणीच्या लेकराच्या गळ्यात दोरा आहे का?

"मी व्हय म्हणाले. येवढंच इचारले, येवढंच सांगितले. आज्ञा हाय, खोटं बोलू नये."

मावशींची पोळी बंद झाली. दुसऱ्या महिन्यात पोरगी गेली.

"मातीला समदे आले. तवाचे पास्टर बी आले. म्होरच्या आयतवारी प्रभुभोजन व्हतं. धाकली सगळ्यांसंगं पुढं गेली, गुडघे टेकली, हात पुढं केली. तिला वाटलं, आता तरी देतील. ताट तिला वगळून शेजारणीकडं गेलं. मी केलेली पोळी, टीचर. तिनं हात तसाच धरला व्हता थोडा वेळ. मंग मागं घेतला."

 बाहेर शेळी ओरडत होती.

"त्या दिवसापासून ती पोळी माझ्या घशाखाली उतरना," आक्का म्हणाल्या.

"मग ते शेळीला बोलणं, साडी, ज्वारीचा भाव?"

"ती बी पापंच हायत. खोटं न्हाई सांगितलं मी. पण हे कुणाला सांगावं? पास्टरला सांगितलं तर म्हणतील, आक्का, तुमी खरं बोललाव, त्यात पाप न्हाई. पापच न्हाई म्हणलं तर मंग माफी कशाची मागू? कृपा कशावर पडंल?"

मी कॉलेजात तत्त्वज्ञानाचा एक पेपर दिलेला आहे, त्यात मला बरे मार्कही होते. त्या दुपारी त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. मी उठले, चपला घातल्या आणि समोरचं निळं दार वाजवलं.

मावशींनी मोबाइलचा आवाज कमी केला. "तिनं पाठवलं?"

खोटं सांगणं सोपं होतं, पण आक्कांच्या घरात राहून माझीही सवय मोडली होती. "नाही," मी म्हटलं. "मीच आले. आक्कांचा हात मोडलाय. उद्याची पोळी कुणी करायची हा प्रश्न आहे."

मावशींनी मोबाइल पालथा ठेवला. "फुकटची कृपा मिळती म्हणून मी नव्या मंडळीत गेले असं तिला वाटतंय," त्या म्हणाल्या. "तसं न्हाई. तितं कुणी काय इचारत न्हाई, म्हणून गेले." मग आत गेल्या आणि स्वतःचं लाटणं घेऊन बाहेर आल्या.

आक्कांनी बहिणीला दारात पाहिलं आणि बाजेवर उठून बसल्या. मावशींनी सरळ परात ओढली. पुढचा तासभर दोघी माझ्यामार्फत बोलल्या.

"टीचर, त्यांना सांगा, मीठ घालायचं नसतंय."

"टीचर, तिला सांगा, चिमूटभर घातल्यानं देव रागवत न्हाई. बिनमिठाचं मी पेशंटाला बी देणार न्हाई."

"त्यांना सांगा, रीत हाय ती."

"तिला सांगा, रीत लई बघितली."

मीठ पडलं नाही. मावशींनी मिठाची बरणी माझ्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवली आणि कणीक मळायला लागल्या. थोड्या वेळानं आक्का म्हणाल्या, "त्यांना इचारा, कृपा हाय म्हणून कणीक अर्धवट मळली तर चालती का?"

"तिला सांगा, मळून मळून चामडं बी करू ने."

मला हसू आलं. मावशींनी पोळ्या भाजल्या, पांढऱ्या कापडानं झाकल्या, हात धुतले आणि निघाल्या. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या. आक्कांचे ओठ हलले. सोळा दारांत सहज विचारलेला तो प्रश्न त्यांच्या तोंडून फुटला नाही. मावशी गेल्या.

रविवारी ताट मी उचललं, कारण आक्कांना एका हातानं उचलवत नव्हतं. मी पहिल्यांदाच चर्चमध्ये गेले. ताट पुढे ठेवलं आणि आक्कांबरोबर शेवटच्या बाकावर बसले. लोक ओळीनं पुढे गेले, गुडघे टेकून खाऊन परत आले. शेवटची ओळ उठली आणि माझ्या शेजारून आक्काही उठल्या.

चर्चमधली कुजबुज थांबली. आक्का पुढे जाऊन गुडघ्यांवर बसल्या आणि डावा हात पुढे केला.  पास्टरांनी त्यावर तुकडा ठेवला. आक्कांनी तो तोंडात घातला नाही. त्यांनी मूठ मिटली, उठल्या आणि सगळ्यांच्या मधून चालत दाराबाहेर पडल्या. रसाचा पेला पास्टरांच्या हातात तसाच राहिला.

"आक्का," पास्टर म्हणाले. "इथंच खायचं असतं ते."

जन्मभर आज्ञा पाळलेल्या बाईनं मागे वळूनही पाहिलं नाही. मी त्यांच्या मागे धावले. उन्हातून, प्लास्टरचा हात पोटाशी धरून, त्या गल्लीत आल्या आणि निळ्या दारासमोर उभ्या राहिल्या. आत प्रवचन चालू होतं. मावशी बाहेर आल्या.

"माझं काय चुकलंय का?" आक्कांनी विचारलं.

 मावशींच्या मंडळीत रोज शिकवत होते, सगळं माफ आहे, काही विचारायचं नाही. मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं. मावशींनी आक्कांच्या तोंडाकडे पाहिलं, मग मुठीकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलंय."

आक्कांनी मान हलवली. पंचवीस वर्षं त्या ज्याच्यासाठी दारोदार फिरल्या ते त्यांना मिळालं होतं. त्यांनी मूठ उघडली. तुकडा घामानं ओला झाला होता. दोन भाग करायचे होते, पण आक्कांचा एकच हात चालत होता. त्यांनी तुकडा बहिणीपुढे धरला, मावशींनी दुसऱ्या बाजूनं धरला आणि तोडला. त्याच दारात उभ्या राहून दोघींनी खाल्ला.

"पास्टरला इचारून आणलीस का?" मावशींनी विचारलं.

"न्हाई."

"मंग हे पाप झालं की."

"व्हय," आक्का म्हणाल्या. त्या डोळे मिटून सावकाश चावत होत्या. मग गिळलं आणि म्हणाल्या, "मीठ पायजे व्हतं गं."